यात मारायचं कोणाला?

संगणकावरच्या खेळात जिथे माउसची टिचकी मारून काहीच मिळत नाही, तिथे मी सगळ्यात जास्त टिचक्या मारते. पानावर, खिडकीवर, फांदीच्या टोकाला लटकलेल्या कुठल्याशा किड्यावर. किडा दचकतो, गाण्याची एक ओळ म्हणतो, परत लटकतो. कोडं तसूभरही पुढे सरकलेलं नसतं. मी पुन्हा टिचकी मारते.

धुळ्याचा माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावला आला की हे बघून कासावीस होतो. त्याच्या मोबाइलवर शंभर माणसं पॅराशूटनं एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो. तिथे क्षणभर ढिलाई झाली की खेळ खल्लास. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा 'बोटॅनिक्युला' चालू होता. त्यात झाडावर राहणारे पाच चिमुकले जीव आहेत. एक कंदिलासारखा, एक काटकी, एक खसखशीचं बोंड, एक पीस आणि एक अळंबी. काळे कोळी त्यांचं झाड शोषून घेत आहेत आणि या पाच जणांना शेवटचं एक बी वाचवायचं आहे. भाचा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"मावशी, यात मारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही."

"मग आपण मरतो कसे?"

"मरत नाही. अडकतो फक्त."

त्यानं जरा विचार केला. "मग खेळायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा मी त्याला शेवेचा डबा देऊन विषय बदलला, पण प्रश्न काही गेला नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे उत्तरही चित्रातूनच शोधलं जाणार.

या प्रकाराला पॉइंट अँड क्लिक म्हणतात. समोर एक चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर टिचकी मारायची, उचलता येतील त्या उचलायच्या, एकमेकींना लावून बघायच्या आणि त्यातून वाट काढायची. बोटांची चपळाई नको, घड्याळ नाही. या जातीचा उगम अमेरिकेत. 1980 साली रॉबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्यानं 'मिस्टरी हाउस' काढला. तोवर असले साहसखेळ नुसत्या मजकुराचे असत, यात पहिल्यांदा चित्रं आली, तीही पांढऱ्या रेघांची, पोरानं पाटीवर काढावीत तशी. 1987 च्या 'मॅनिअक मॅन्शन'नं टाइप करायची कटकट काढून टाकली आणि माउसच्या टिचकीला क्रियापदं जोडून दिली. नव्वदचं दशक या खेळांच्या भरभराटीचं. मग त्रिमिती आली, बंदुका आल्या, मोठ्या कंपन्यांचं लक्ष उडालं. दोष सगळा बंदुकांचा नव्हता. या खेळांनीही डोकं सोडलं होतं. 1999 च्या एका खेळात मांजरीचे केस चिकटपट्टीवर गोळा करून, मेपलच्या पाकानं ओठावर चिकटवून खोटी मिशी बनवायची असते, आणि ज्या माणसाचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नसते. म्हणून त्याच्या ओळखपत्रावर आधी पेनानं मिशी काढायची. हे ज्यानं रचलं त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे ज्याला कळलं तोच जिंकला. बाकीचे कंटाळून उठून गेले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पुढे हे खेळ परतले ते फार छोट्या दारानं. 2003 मध्ये याकुब द्वोर्स्की नावाच्या विद्यार्थ्यानं प्रागच्या कला अकादमीत पदवीचा प्रकल्प म्हणून 'सामोरोस्ट' केला. ब्राउझरमध्ये उघडणारा, तासाभरात संपणारा. लाकडाचे, शेवाळाचे फोटो जोडून केलेले ग्रह आणि त्यांवर हिंडणारा पांढऱ्या कपड्यांतला एक बुटका. त्यातूनच त्याची अमानिता डिझाइन ही मंडळी उभी राहिली. 2009 मध्ये त्यांचा 'मशिनेरियम' आला. मला या वेडाला लावलं ते यानं.

'मशिनेरियम'चं गाव गंजलेल्या पत्र्याचं आहे. पाइप, बॉयलर, जिने, कलती घरं. चित्रं कागदावर हातानं रेखाटून मग संगणकावर रंगवलेली आहेत. ती चित्रं मी विद्यार्थ्यांची पेपरतपासणी करावी तशी डोळे बारीक करून पाहिली आहेत. रेघ कुठेही पट्टीनं मारलेली नाही. पाइप वळणावर किंचित जाड होतो, जोडाच्या खाली गंजाचा ओघळ आहे आणि तो ओघळ पाणी जिथून गळेल तिथूनच सुरू होतो. एका भिंतीचं प्लास्टर पडलंय, पण ते खालून पडलंय, ओल जिथून चढते तिथून. आमच्या जुन्या वाड्यांच्या भिंती अशाच फुगतात. चेक प्रजासत्ताकातल्या माणसाला चाळीसगावच्या भिंतीची ओल कुठून ठाऊक? त्यानं त्याच्या गावची भिंत नीट पाहिली होती, एवढंच.

दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला मुलं बसवते तेव्हा मला याचीच उलटी बाजू दिसते. स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय येतो, 'बसस्थानकावरील दृश्य'. चाळीस मुलं, चाळीस चित्रं आणि बसस्थानक एकच. डावीकडे लाल बस, उजवीकडे झाड, मध्ये टोपी घातलेला माणूस हात वर करून उभा. रोज पाचोऱ्याच्या, भडगावच्या गाडीनं ये-जा करणारी मुलं ही. आपल्या स्टँडवर केळीवाल्याची गाडी कुठे लागते, फलाटाच्या आकड्याखाली कोण बसलेलं असतं, हे त्यांनी हजारदा पाहिलंय, पण हाताला माहीत नाही. हात जे पाहून ठेवतो तेच काढतो. उरलेल्या जागेत तो पुस्तकातलं झाड लावून मोकळा होतो.

हातानं काढलेल्या खेळाचं माझ्यापुरतं आकर्षण इथे आहे. त्या चित्रात कुठलीही गोष्ट आपोआप आलेली नसते. त्रिमिती खेळात एक खुर्ची केली की ती दोनशे खोल्यांत ठेवता येते. त्यात वाईट काही नाही, मोठं शहर उभं करायचं तर तसंच करावं लागतं. पण इथे प्रत्येक खुर्चीला कोणीतरी वेळ दिलेला असतो, आणि जिला वेळ दिला तिच्यात काहीतरी असेल अशी आशा लागून राहते. म्हणून टिचकी मारावीशी वाटते. टिचकी म्हणजे त्या काढणाऱ्याला विचारणं, की बाबा, हे तू इथे का काढलंस? चांगल्या खेळात तो उत्तर देतो. कधी किल्ली देतो, कधी नुसता किडा गातो.

नुसतं सुंदर काढलं म्हणजे झालं असं मात्र नाही. मी अलीकडे असे कितीतरी खेळ उघडून बंद केले आहेत ज्यांची चित्रं फ्रेम करून लावावीत, पण टिचकी मारली की दगड. चार वस्तू चालू, बाकी सगळं भिंतीवरचं कॅलेंडर. त्यातही एक जुनी खोड आहे. हातानं केलेल्या कार्टूनपटांत पार्श्वभूमी एका कागदावर रंगवलेली असे आणि हलणाऱ्या वस्तू वेगळ्या पारदर्शक तावावर, सपाट रंगात. त्यामुळे दगडांच्या राशीतला कुठला दगड घरंगळणार हे आधीच कळायचं, त्याचा रंगच वेगळा दिसायचा. कितीतरी खेळांत हेच होतं. किल्ली टेबलावर ठेवलेली नसते, डकवलेली असते. आणि ती डकवलेली दिसू नये म्हणून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, किल्ली इतकी बारीक काढतात की पडदाभर माउस घासत बसावं लागतं. तांदूळ निवडणं परवडलं.

'मशिनेरियम'नं यावर काढलेला तोडगा मला अजूनही फार हुशारीचा वाटतो. त्यातल्या योसेफ या यंत्रमानवाचा हात जिथवर पोचेल तेवढ्याच वस्तूंना टिचकी लागते. वरचं काही हवं असेल तर त्याला चालत तिथवर न्यायचं आणि त्याचं अंग ताणून उंच करायचं. खालच्या फटीतलं हवं तर दाबून बुटकं करायचं. त्यामुळे माउस घासत बसण्यात अर्थच उरत नाही. बघावं लागतं, आणि त्याच्या उंचीवरून बघावं लागतं.

हे माझ्याआधी माझ्या आजीला कळलं.

आजी अमळनेरकडची. शाळेत गेली असेल नसेल, सही करायची तेवढी. बोलणं सगळं अहिराणी. आम्ही शुद्ध मराठीत बोलायला लागलो की ती म्हणायची, "आलं पुणं". तेव्हा खान्देशात लोडशेडिंग इतकं होतं की संध्याकाळचा स्वयंपाक बहुतेक कंदिलावरच व्हायचा. अशाच एका संध्याकाळी लॅपटॉपची बॅटरी उरली होती तेवढ्यात मी खेळत होते आणि ती शेजारी लसूण सोलत बसली होती. घरात दुसरा उजेड नाही, त्यामुळे तिची नजर पडद्यावरच. सुरुवातीलाच योसेफ भंगाराच्या ढिगात पडून असतो, हातपाय विखुरलेले, आणि त्याला आधी स्वतःलाच जोडून घ्यावं लागतं. आजी म्हणाली, "हाई काय शे?" मी सांगायला गेले तर तिनं हातानंच थांबवलं. कळत होतं तिला. या खेळात एक शब्द बोलला जात नाही. योसेफला काही आठवलं, कोणाला काही सांगायचं असलं, की डोक्यावर एक फुगा उगवतो आणि त्यात रेघांचं हलतं चित्र. कोणी कोणाला छळलं, काय चोरलं, काय हवंय, सगळं चित्रात.

पुढे मी एका ठिकाणी अडकले. वर काहीतरी लटकत होतं आणि मी त्यावर टिचक्यांवर टिचक्या मारत होते. आजी लसणाची सालं झटकत म्हणाली, "त्याना हात पुरस नही ना. उच्चा कर त्याले."

त्यानंतर ती रोज विचारायची, तो पत्र्याचा पोरगा कुठवर आला म्हणून. पुलावरचा शिपाई आत सोडत नाही तेव्हा योसेफ रस्त्यावरचा वाहतुकीचा शंकू उचलतो, निळ्या रंगात बुडवतो, वर दिवा बसवतो आणि टोपीसारखा घालून शिपायाचंच सोंग घेतो. या युक्तीवर आजी इतकी खूश झाली की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायला लावली. पुढे रस्त्यात गाणारे-वाजवणारे भेटतात, त्यांची वाद्यं बिघडलेली असतात, ती दुरुस्त करून दिली की ते वाजवू लागतात. आजीला हे फार योग्य वाटलं. तिच्या फडताळात पितळी डबा होता, त्यात वाकडे खिळे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, एका कानातल्याची फिरकी, दोरे, स्टोव्हची पिन असं सगळं असायचं, आणि घरात काही मोडलं की उत्तर त्या डब्यातूनच निघायचं. या खेळांत नायकाजवळ जी सामानाची पिशवी असते ती म्हणजे आजीचा डबा. आत्ता निरुपयोगी, पण टाकायचं नाही.

तिच्या सत्तर वर्षांत छापील अक्षर हे कायम दुसऱ्याच्या बाजूनं होतं. तलाठ्याच्या, बँकेच्या, डॉक्टरांच्या. पडद्यावरच्या त्या गावात तिच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता, उलट ती दोन पावलं पुढेच होती. प्रागच्या लोकांनी शब्द गाळले ते काही अमळनेरच्या बाईसाठी नव्हेत. त्यांच्याकडे बाहुलीपटांची, अबोल अॅनिमेशनची मोठी परंपरा आहे, त्या वळणाचंच हे. शिवाय शब्द नसले की भाषांतराचा खर्च वाचतो, हेही आहेच.

खर्चावरून आठवलं. असल्या खेळांचं पोट फार लहान असतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये अमानितानं जाहीर केलं, की आमच्या अंदाजानं 'मशिनेरियम' खेळणाऱ्यांपैकी जेमतेम पाच ते पंधरा टक्के लोकांनी पैसे मोजलेत. त्यावर त्यांनी कोर्टकचेरी केली नाही. वीस डॉलरचा खेळ काही दिवस पाच डॉलरला ठेवला आणि त्याला नाव दिलं चाच्यांना, म्हणजे खेळ चोरून खेळणाऱ्यांना, माफी. आपल्याकडे तेव्हा खेळ पेनड्राइव्हवरून घरोघर फिरायचे, पाच डॉलर भरायला लागणारं कार्डही कोणाकडे नसायचं. आता यूपीआयनं पैसे भरता येतात, आणि सेलमध्ये तर हे खेळ शेवभाजीच्या एका थाळीच्या भावात मिळतात. दोन्हींतून एक निवडायची वेळ अजून आली नाही, सुदैवानं.

दुसऱ्या टोकाला 'ब्रोकन एज'. 2012 मध्ये या खेळासाठी लोकांकडे वर्गणी मागितली गेली आणि ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी मिळून तेहतीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली. जो प्रकार मेला म्हणून सांगितलं जात होतं त्याच्यासाठी. एवढे पैसे येऊनही ते पुरले नाहीत, खेळ दोन तुकड्यांत आला, 2014 मध्ये अर्धा आणि 2015 मध्ये उरलेला. चित्रं देखणी आहेत, पण दुसऱ्या भागातली कोडी मला पुन्हा त्या मांजरीच्या मिशीच्या गल्लीत घेऊन गेली. मी तो संपवला तो निव्वळ हट्टानं.

हातानं काढायचं म्हणजे वेळ लागतोच. 'गोरोगोआ' हा 2017 चा खेळ जेसन रॉबर्ट्स या एकाच माणसानं काढला, त्यात त्याची सहा-सात वर्षं गेली. खेळायला मात्र दोन-तीन तास. पडद्यावर चार चौकटी, प्रत्येकीत एक चित्र. चित्रात शिरता येतं, बाहेर येता येतं, आणि चौकट उचलून दुसरीवर ठेवता येते. एका चित्रातली दाराची चौकट उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवली की तिथे दार होतं आणि या काळातला मुलगा त्या काळात चालत जातो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला अजिंठा आठवला, आणि तो उगाच आठवला नाही.

अजिंठा कागदोपत्री संभाजीनगरचा असला तरी आम्हाला तो आमचाच वाटतो. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे आमच्याच जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. शाळेची सहल पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत फर्दापूरला जाते. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आमची पीजे, धावायची तेव्हा निम्मी वाट तिनंच व्हायची आणि पोरांना लेण्यांपेक्षा तीच जास्त आवडायची. सतराव्या लेण्यात आत शिरलं की डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग गाइड विजेरी लावतो. उजेडाचा एक गोल भिंतीवर सरकतो आणि त्या गोलात येईल तेवढंच जग असतं. विश्वंतर जातकाची भिंत आहे तिथे. पाऊस आणणारा हत्ती दान केला म्हणून हद्दपार झालेला राजपुत्र. तो एकदा राजवाड्यात दिसतो, पुढे रथात दिसतो, रथाच्या बाजूला बाजारातली दुकानं आणि दुकानदार, मग अरण्यात दिसतो. एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा, आणि मध्ये चौकट नाही. कॉमिकमध्ये असतात तशा रेघा मारून प्रसंग वेगळे केलेले नाहीत. प्रसंगांचा क्रमही सरळ डावीकडून उजवीकडे नाही. चित्रकारानं काळापेक्षा जागा धरली आहे. राजवाड्यात जे घडलं ते राजवाड्यापाशी, अरण्यात जे घडलं ते अरण्यापाशी, मग ते कथेत आधीचं असो की नंतरचं. जाणकार हे सविस्तर मांडतात. बघणाऱ्याला एवढंच कळतं, की गोष्ट आपण जुळवल्याशिवाय पुढे जात नाही.

मुलींना मी गाइडच्या आधी पाच मिनिटं मागून घेते. विजेरी एकीच्या हातात देते (अर्थात चित्रापासून लांब उभं राहून, आणि गाइडची परवानगी घेऊन) आणि सांगते, राजपुत्र शोध. ती बरोबर मुकुट शोधते. मग दुसरी ओरडते, मॅडम, इथे पण आहे. मग तिसरी. मग कोणीतरी राजपुत्राला सोडून दुकानदाराच्या चेहऱ्यावर अडकते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरानं दुकानदाराला चेहरा का दिला असेल? कथेला त्याची गरज नव्हती. रथ बाजारातून गेला एवढं कळलं तरी पुरत होतं.

दुसरा आठवतो तो आमच्या गावातलाच माणूस. चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. 1912 मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत चाळीसगावात राहिला आणि आयुष्याचा फार मोठा भाग त्यानं त्या घराबाहेर पाऊल न टाकता काढला. 1989 मध्ये इथेच गेला. कोणा प्रेयसीच्या वाटेकडे डोळे लावून तो पंजाब मेलच्या वेळेला घराचं दार उघडं ठेवायचा, असं गावात सांगतात, आणि बाहेरून आलेल्या पत्रकारांना बहुधा तेवढंच लिहायचं असतं. मला त्यांची टेबल टॉप छायाचित्रं जास्त महत्त्वाची वाटतात. टेबलावर हाताशी असलेल्या साध्या वस्तू मांडायच्या, त्यांवर दिवा असा धरायचा की छायाचित्रात ते अस्सल निसर्गदृश्य वाटावं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसानं टेबलावर डोंगर आणि वाटा उभ्या केल्या. आणि गंमत अशी, की हे टेबलावरचं आहे हे कळल्यावर चित्र फसवं वाटत नाही, जास्तच बघावंसं वाटतं.

2014 मध्ये लंडनच्या एका छोट्या गटानं 'ल्युमिनो सिटी' काढला तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. कागद, पुठ्ठा, डिंक, बारके दिवे आणि चिमुकल्या मोटरी वापरून दहा फूट उंचीचं शहर खरोखर बांधलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावर खेळ रचला. त्यातल्या एका खिडकीतला दिवा मी बराच वेळ बघत बसले होते. काचेच्या जागी कागद होता आणि उजेड कागदाच्या तंतूंतून गाळून येत होता. मूस यांच्या घरी नेलेल्या मुलींना मी आता आधी हा खेळ दाखवते, मग ती छायाचित्रं. त्यांचा पहिला प्रश्न हटकून एकच असतो, दिवा कुठे ठेवला असेल. बसस्थानकाच्या चित्रात न दिसलेली नजर ही.

भाच्याच्या "मग खेळायचं कशाला" या प्रश्नाला आता माझ्याकडे काही उत्तरं आहेत, पण तो ऐकून घेण्याच्या वयात नाही. त्यानं मधल्या एका सुट्टीत 'हिडन फोक्स' हा खेळ मात्र उचलला. काळ्या रेघांची प्रचंड गर्दी आणि तीत लपलेली माणसं शोधायची. त्यातले सगळे आवाज माणसानं तोंडानं काढलेले आहेत. दार, मगर, मोटार, सगळं तोंडानं. माणसं शोधायचं सोडून तो तासभर नुसता मगरींना डिवचत बसला. मी काही बोलले नाही.

गेल्या वर्षी नववीच्या मुलींना मी विचारलं, आपण करायचा का असा एक? पुण्यातल्या गटानं केलेला 'राजी' 2020 मध्ये जगभर पोचला हे त्यांना सांगितलं, पण तो मारामारीचा, मोठ्या तयारीचा खेळ. आमच्याकडे ड्रॉइंग पेपर, काळं पेन, एक मोबाइल आणि शाळेच्या संगणक कक्षातलं स्क्रॅच. हे फुकटचं सॉफ्टवेअर लहान मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालं. एवढ्यावर एक गल्ली होऊ शकते. मुलींनी गल्ली काढली, तुकड्या-तुकड्यांत, आणि मी मोबाइलनं फोटो काढून चढवले. शेळीवर टिचकी मारली की शेळी ओरडते, तो आवाज वर्गातल्या एकीचा आहे आणि तो इतका हुबेहूब आहे की तिला आता ते नावच पडलंय. पिठाच्या गिरणीचा आवाज चौघींनी मिळून काढला, शेवटी दोघींना ठसका लागला, तो ठसकाही तसाच ठेवलाय.

भांडण लागलं ते एका घरावरून. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं गल्लीच्या टोकाला कुलूप लावलेलं घर काढलं. दाराला आंब्याच्या वाळक्या पानांचं तोरण, उंबऱ्यावर पालथी ठेवलेली बादली. बाकीच्या म्हणाल्या, कुलूप आहे म्हणजे किल्ली पाहिजे, किल्ली कुठे लपवायची? बादलीखाली? ती म्हणाली, किल्ली नाही. ते लोक उसाला गेलेत, पाडव्याला येतील. मग हे घर खेळात कशाला, अशी बाकीच्यांची तक्रार. ती म्हणाली, गल्लीत आहे म्हणून.

दोन तासिका यातच गेल्या. मी मध्ये पडायचं टाळलं. शेवटी तिनंच थोडं सैल सोडलं. किल्ली शेजारच्या म्हातारीकडे असते, म्हणाली, पण ती कोणालाही देत नाही. मग म्हातारी काढावी लागली. खेळात शब्द ठेवायचे नाहीत असं आधीच ठरलेलं, म्हणून म्हातारीच्या डोक्यावरच्या फुग्यात काय काढायचं यावर पुन्हा बैठक. आता त्या फुग्यात टिचकी मारणाऱ्याचाच चेहरा आहे, रिकामा, नाकडोळे नसलेला, आणि खाली एक मोठं प्रश्नचिन्ह. म्हातारीला पटवायचं कसं हे अजून कोणाला सुचलेलं नाही. एकीचं म्हणणं, बादली भरून आणून दिली तर. दुसरीचं म्हणणं, त्यासाठी आधी नळाला पाणी आलं पाहिजे, आणि आपल्या गल्लीत ते रोज कुठे येतं?